बोटीच्या आदल्या रात्री उतरायचं कुठे?

श्रीगोंद्यात हल्ली बोटीच्या गोष्टी निघू लागल्या आहेत. पूर्वी सहल म्हणजे अष्टविनायक, फार तर काशी-रामेश्वर. आता मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझच्या जाहिराती मोबाइलवर येतात, निवृत्त माणसांच्या हाताशी थोडा पैसा असतो आणि मुलं हौसेने तिकीट काढून देतात. आमच्या मंडळातल्या आम्ही काही बायका मुंबई-गोवा बोटीने जाऊन आल्यापासून बाजारात, बँकेत, लग्नाच्या मांडवात मला कुणी ना कुणी गाठतंच. "बाई, बोट लागते का हो? जेवण कसं असतं? खिडकीची खोली घ्यावी का?" सगळं विचारतात. आदल्या रात्री मुंबईत कुठे उतरलात, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते तोच पहिला प्रश्न आहे आणि बोटीचं तिकीट काढण्याआधी त्याचं उत्तर हातात असायला हवं.

मुंबईकर सकाळी घरी आंघोळ करून, पोहे खाऊन, टॅक्सीने बंदरावर जातो. आमचं तसं नाही. श्रीगोंद्याहून काष्टीमार्गे दौंड गाठायचं, तिथून रेल्वे. किंवा बेलवंडी फाट्यावरून शिरूर, पुणे आणि मग खंडाळ्याचा घाट. दौंडहून मुंबई रेल्वेनेच अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. म्हणून आमच्याकडे एक हिशेब सर्रास मांडला जातो: रात्रीच्या गाडीत बसू, पहाटे मुंबईत उतरू, दुपारी बोट धरू, लॉजचे पैसे वाचतील.

हा हिशेब आतबट्ट्याचा आहे. गाडी दोन-तीन तास उशिरा पोहोचणं ही काही नवलाची गोष्ट नाही. शनिवार-रविवारी द्रुतगती मार्गावर घाटात वाहनं तासन् तास खोळंबतात. एसटी चुकली तर मागून दुसरी येते. जहाजाचं तसं नसतं. ते बंदरातून बाहेर काढायला बंदराचा पायलट ठरल्या वेळी चढतो, धक्का त्याला ठरल्या वेळेपुरताच मिळालेला असतो आणि प्रवाशांची नोंदणी जहाज सुटण्याच्या बरीच आधी बंद होते. एका कुटुंबासाठी हजार-दोन हजार प्रवासी घेऊन निघालेलं जहाज थांबत नाही आणि वेळेत न आलेल्याला तिकिटाचे पैसेही सहसा परत मिळत नाहीत. लॉजचे दीड-दोन हजार वाचवायला गेलेल्याने पन्नास हजार पणाला लावलेले असतात.

समजा, गाडी अगदी वेळेवर पोचली. पहाटे पाचला साठी उलटलेल्या बायका सामानासह फलाटावर उतरल्या. नोंदणी दुपारी. मधले सहा-सात तास काढायचे कुठे? कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला साखरेची गोळी खाण्याआधी घ्यायची असते, कुणाला कमोडशिवाय बसता येत नाही. प्रतीक्षालयात आळीपाळीने सामान राखत बसलेली माणसं बोटीवर चढेपर्यंत इतकी थकतात की पहिल्या संध्याकाळी खोलीत जाऊन आडवी होतात. आणि तीच संध्याकाळ खरी पाहण्याची असते. जहाज धक्का सोडतं, कुलाब्याच्या इमारती हळूहळू मागे सरकतात, दिवे लागतात, बंदरात नांगरलेली मालवाहू जहाजं जवळून जातात. क्रूझमधला सगळ्यात मोलाचा तास झोपेत गेला तर काय उपयोग?

तेव्हा आदल्या दिवशी दुपारपर्यंत मुंबईत पोचायचं आणि रात्र तिथे काढायची, याला पर्याय नाही. आता राहायचं कुठे?

आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं आहे: पाहुण्यांकडे. श्रीगोंदा तालुक्यात असं घर शोधून सापडणार नाही ज्याचं कुणी डोंबिवली, ठाणे, विरार किंवा कामोठ्याला नाही. मुंबईत नातलग असताना लॉजवर उतरणं म्हणजे त्यांचा अपमान, असं आम्ही मानतो. पण पाहुण्यांच्या दोन खोल्यांत एकच न्हाणीघर, रात्री बारापर्यंत गावाकडच्या गप्पा आणि सकाळी कामावर जाणाऱ्यांच्या गर्दीत बॅगा घेऊन लोकलचा प्रवास, हे बोटीच्या दिवशी नको. त्यांनाही त्रास, आपल्यालाही. माझं सांगणं असं की जाताना लॉज आणि परतताना पाहुणे. परतीला घाई नसते आणि सांगायलाही पुष्कळ असतं.

दुसरा मोह समुद्र दिसणाऱ्या हॉटेलचा. मुलगा लाडाने जुहूला किंवा मरीन ड्राइव्हला खोली काढून देतो. अहो, पुढचे दिवस समुद्राशिवाय दुसरं काही दिसायचंच नाही. त्या रात्री समुद्र नको, धक्का जवळ हवा. क्रूझ टर्मिनल आहे बॅलार्ड पिअरला, ग्रीन गेटच्या बाजूला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून दीड-दोन किलोमीटर. टॅक्सीवाल्याला नुसतं "बोटीला जायचंय" म्हटलं तर तो गेटवेला नेईल नाहीतर भाऊच्या धक्क्याला, कारण रोजच्या बोटी तिथून सुटतात. "बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट" असं स्पष्ट सांगावं लागतं. म्हणून खोली घ्यायची ती फोर्टात, बॅलार्ड इस्टेटमध्ये, सीएसएमटीच्या आसपास किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला. दौंडहून येणाऱ्या पुष्कळ गाड्याही सीएसएमटीलाच येतात. उतरलात की चालत लॉज, दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत बंदर.

बॅलार्ड इस्टेट शांत आहे, रस्ते रुंद, झाडं आहेत. पण तो कचेऱ्यांचा भाग. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की रस्ते ओस पडतात आणि जेवायला फोर्टाकडे यावं लागतं. वयस्कर बायकांना मी सीएसएमटीची बाजू सुचवते. रात्री दहालाही रस्त्यावर माणसं असतात, औषधाचं दुकान उघडं असतं आणि समोरच्या गल्लीत पंचम पुरीवाल्याकडे पुरी-भाजी मिळते. रेल्वेच्या विश्रामकक्षांचाही विचार करावा. पक्कं तिकीट असेल तर तिथली खोली आधी राखून ठेवता येते. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ मध्ये झोपण्याच्या कप्प्यांचं पॉड हॉटेल सुरू झालं. तरुणांना ते ठीक आहे. गुडघे धरलेल्या माणसाला कप्प्यात चढ-उतर जमत नाही.

आता जे सांगायचं आहे ते जरा मनाला लागलेलं आहे. गोव्याच्या बोटीच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचलो तेव्हा आम्ही सगळ्या बायकाच होतो. निवृत्त शिक्षिका, अंगणवाडीत आयुष्य काढलेल्या, एक माजी सरपंच. स्टेशनजवळच्या एका लॉजवर फोन करून दोन खोल्या सांगून ठेवल्या होत्या. जिना चढून वर गेलो. काउंटरवरच्या माणसाने आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या मागे जिन्याकडे पाहिलं.

"बरोबर जेन्ट्स कोण आहेत?"

"कोणी नाही. आम्हीच आहोत."

"मग नाही जमणार. फॅमिली असेल तरच देतो."

आमच्या सरपंचबाई पुढे झाल्या. गावची ग्रामसभा चालवलेला आवाज तो. "दादा, आमच्यातल्या धाकटीचं वय बासष्ट आहे. हे आधार कार्ड. तुम्हाला नक्की कसली भीती वाटते?" त्याने मान खाली घालून रजिस्टरची पानं उलटली. मालकाचा नियम आहे म्हणाला. आम्ही बॅगा उचलल्या आणि खाली आलो.

प्रौढ बाईला ओळखपत्र दाखवून खोली घ्यायला कोणताही कायदा आडवा येत नाही. हा नियम लॉजवाल्यांच्या मनातला आहे आणि तो मोठ्या हॉटेलांत नाही, स्वस्त लॉजांत आहे. म्हणजे ज्या बाईकडे पाच-सात हजार आहेत तिला कुणी विचारत नाही. जिच्याकडे दीड हजार आहेत तिला सोबत पुरुष लागतो. मला हे संतापजनक वाटतं. तालुक्यातल्या बायका आता बचत गटाचे पैसे साठवून एकट्या बाहेर पडतात. त्यांना दारात अडवणाऱ्या शहराने पर्यटनाच्या गप्पा मारू नयेत.

दोन गल्ल्या पलीकडे जुन्या इमारतीत एक लॉज मिळाला. काउंटरवर एक बाईच होत्या. आधार पाहिलं, नावं लिहून घेतली आणि विचारलं ते इतकंच, की सकाळी गरम पाणी किती वाजता लागेल. खोलीत चार लोखंडी खाटा, भिंतीवर आरसा, खिडकीबाहेर बेस्टच्या बसचा आवाज. चादरी धुतलेल्या. दाराची कडी आतून नीट बसत होती, ती आम्ही सगळ्यांत आधी पाहिली. मग खाटांच्या मधे वर्तमानपत्र अंथरून शिदोरी सोडली. बहुतेक क्रूझवर बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, ते त्याच रात्री संपवावं लागतं. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मेथीची सुकी भाजी आणि श्रीगोंद्याचं म्हणून असायलाच हवं ते लिंबाचं लोणचं. आमच्यातल्या दोघींनी आयुष्यात पहिल्यांदाच घरच्या कुणालाही वाढून न देता आधी स्वतःचं ताट वाढून घेतलं. त्यातली एक ते बोलूनही दाखवत होती. दहाला दिवे बंद झाले आणि सकाळी सगळ्या ताज्या उठल्या.

त्या अनुभवावरून फोनवर काय विचारायचं ते पक्कं झालं. भाडं शेवटी विचारावं. आधी विचारायचं, चेकआउट कितीला. मुंबईतल्या पुष्कळ जुन्या लॉजांत अजून चोवीस तासांचा हिशेब आहे. दुपारी एकला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी एकपर्यंत तुमची. बोटीच्या प्रवाशाला याहून सोयीचं काही नाही. उलट ज्या हॉटेलात सकाळी दहाला खोली सोडावी लागते, तिथे नोंदणीपर्यंतचा वेळ पुन्हा रस्त्यावर. मग लिफ्ट आहे का, कमोड आहे का, गरम पाणी कधी येतं, फक्त बायका असल्या तर चालतं का, हे स्पष्ट विचारायचं आणि उत्तर देणाऱ्याचं नाव लिहून ठेवायचं. भाड्यात जीएसटी धरला आहे का, हेही. हजार रुपयांखालच्या खोलीला पूर्वी हा कर नव्हता, जुलै २०२२ पासून तो लागू झाला. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांना पाच टक्के आहे. मूळ आधार कार्ड हाताशी ठेवा, मोबाइलमधला फोटो पुरेलच असं नाही.

मुंबई बंदराला ही आदल्या रात्रीची अडचण कधी ठाऊकच नव्हती असं मात्र नाही. एके काळी या शहरात बोटीच्या माणसांसाठी उतरायची व्यवस्था होती. गोव्याच्या खलाशांनी धोबीतलाव, माझगाव भागात गावागावाचे कूड काढले. अमुक गावचा कूड म्हणजे त्या गावच्या माणसाला जहाजावर नोकरी लागेपर्यंत किंवा जहाज येईपर्यंत हक्काचं छप्पर. प्रत्येकाची एक पेटी, झोपायला चटई, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना आणि भाडं नाममात्र. हजला जाणारे यात्रेकरू १९९५ पर्यंत मुंबईहून बोटीने जात, तेव्हा क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना खेड्यापाड्यांतून आलेल्या हाजींनी भरून जाई. कोकणातल्या माणसाला गिरगाव-लालबागच्या चाळीतली गावकीची खोली होती. मराठी माणसांचं सरदारगृह क्रॉफर्ड मार्केटपाशीच. लोकमान्य टिळक मुंबईत तिथे उतरत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचं निधनही तिथेच झालं. श्रीमंतांसाठी १९०३ साली ताजमहाल हॉटेल उघडलं, अगदी बंदराच्या तोंडावर. साहेबासाठी तर रेल्वेच धक्क्यावर आणली होती. बॅलार्ड पिअर मोल नावाचं स्टेशन होतं. विलायतेहून आलेला प्रवासी बोटीतून उतरून थेट फ्रंटियर मेलमध्ये बसे. इंग्लंडात साउथॅम्प्टनला रेल्वे कंपनीचं साउथ वेस्टर्न हॉटेल बंदराला लागून होतं आणि टायटॅनिकचे काही प्रवासी आदल्या रात्री तिथेच झोपले होते. आजही साउथॅम्प्टन आणि मायामीतली हॉटेलं बोटीच्या प्रवाशांसाठी एक रात्र, गाडी ठेवायची जागा आणि बंदरापर्यंत पोचवणं असं एकत्र देतात.

आमच्या श्रीगोंद्याचाही या बंदराशी धागा आहे. बॅलार्ड पिअरला टर्मिनलकडे जाताना सिंधिया हाउस लागतं. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ती इमारत. तिचं पहिलं जहाज 'लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं आणि म्हणून ५ एप्रिल हा देशाचा सागरी दिन झाला. ते जहाज ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेलं, कंपनीचं नावही त्यांच्यावरूनच. त्याच शिंद्यांचे वाडे आमच्या गावात आहेत. टॅक्सीतून जाताना मी ही इमारत मैत्रिणींना दाखवली तेव्हा त्यांना बंदर परकं वाटेनासं झालं.

मग आज एका तालुक्याच्या बाईला धक्क्याजवळ परवडणारी खोली का मिळू नये? पैसा नाही म्हणून? बॅलार्ड पिअरला मुंबई बंदर प्राधिकरणाने नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल बांधलं. २० सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. चार लाख चौरस फुटांहून मोठी इमारत, नोंदणी आणि इमिग्रेशनचे ७२ काउंटर, वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता. तळमजला आणि पहिला मजला प्रवाशांसाठी. दुसरा आणि तिसरा मजला दुकानं आणि व्यापारी वापरासाठी. त्याआधी ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्राने याच बंदरातून क्रूझ भारत मिशन सुरू केलं. २०२९ पर्यंत क्रूझचे प्रवासी दुप्पट करायचे आहेत.

हे दुप्पट प्रवासी येणार कुठून? मलबार हिलची माणसं दुप्पट होणार नाहीत. ते येतील श्रीगोंदा, बार्शी, अंबड, चाळीसगाव अशा गावांतून. ऊसाचं बिल आल्यावर आई-वडिलांना एकदा बोट दाखवावी असं वाटणारा मुलगा, निवृत्तीच्या पैशातून चार दिवस स्वतःसाठी काढणारी शिक्षिका, हे नवे प्रवासी आहेत. क्रूझचा मोसम पावसाळा संपल्यावरचा, आणि आमचा गळीत हंगामही त्याच महिन्यांतला. आम्ही मोठ्या कष्टाने वेळ काढतो. टर्मिनल आमच्यासाठी आहे असं म्हणायचं असेल तर त्याची सुरुवात आमच्या आदल्या रात्रीपासून व्हायला हवी.

आजवर तालुक्यातल्या माणसाने मुंबईत काम निघालं की आमदारांची चिठ्ठी घेऊन आमदार निवास गाठायचं, ही रीत. आजारी माणसासाठी ती चिठ्ठी मागताना कमीपणा वाटत नाही. सहलीला जाण्यासाठी ती मागणं मला पटत नाही. आम्हाला फुकट काही नको. भाडं भरायची तयारी आहे.

मागणी साधी आहे. टर्मिनलच्या व्यापारी मजल्यांवर किंवा बंदराच्या आवारातल्या एखाद्या जुन्या इमारतीत शंभर-दीडशे खाटांचं प्रवासी निवास काढा. वातानुकूलन नसलं तरी चालेल. स्वच्छ चादर, आतून लागणारी कडी, लिफ्ट, कमोड, गरम पाणी आणि सामान ठेवायला कुलपाची जागा एवढं पुरे. बोटीचं तिकीट आणि ओळखपत्र दाखवणाऱ्याला, मग ती एकटी बाई असो वा बायकांचा गट, चोवीस तासांसाठी खोली मिळावी आणि ती तिकिटाबरोबरच राखून ठेवता यावी. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ राज्यभर निवासं चालवतं, त्याला हे काम जड नाही. आणि तोवर निदान एवढं करा: बंदराच्या दीड-दोन किलोमीटरमधल्या, पुरुष सोबत नसलेल्या महिलांनाही खोली देणाऱ्या लॉजांची यादी करून क्रूझच्या तिकिटासोबत द्या. पर्यटन विभागाच्या एका कर्मचाऱ्याचं ते आठवड्याचं काम आहे. येत्या मोसमाचं बुकिंग सुरू होण्याआधी ते व्हावं, अशी माझी मुंबई बंदर प्राधिकरणाला आणि पर्यटन विभागाला विनंती आहे.